उत्तर: १६ इंची अलॉय चाकं टाकल्यापासून ईव्हीची रेंज आणि मजा दोन्ही गेली

तुमची २४ युनिट बॅटरीची हॅचबॅक आधी हायवेला १८० किमी जायची, आता १५५ लाच लाल दिवा लागतो आणि उचलही मेल्यासारखी वाटते. सर्व्हिसवाले बॅटरी ठणठणीत म्हणतात. आणि पोस्टच्या सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंय की १७५/६५ आर१४ (१४ इंची रिमचे) टायर काढून १९५/५५ आर१६ (१६ इंची रिमचे) चढवलेत. राव, खरी पोस्ट ती शेवटची ओळच आहे. माझेही सगळ्यात जास्त पैसे याच चुकीत बुडालेत, म्हणून लांबण लावतो.

जुन्या टायरचा व्यास ५८३ मिमी, नव्याचा ६२१. म्हणजे साडेसहा टक्के मोठा. मीटर चाकाचे फेरे मोजतं, त्यामुळे मीटरवर १०० किमी दिसतात तेव्हा गाडी १०६.५ पळालेली असते. तुमचे १५५ म्हणजे खरे १६५. गेलेल्या २५ किमीपैकी १० इथंच सापडले.

उरलेली रेंज वाऱ्यात गेली. काट्यावर ८० ठेवता तेव्हा खरा वेग ८५ असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे तेवढ्यावरच १३ टक्के जास्त. ढोबळ सांगायचं तर एवढ्याशा गाडीला नुसती हवा कापायला ८० ला साडेचार किलोवॅट लागतात आणि १०० ला नऊ. त्यात रुंद टायर वाऱ्याला आडवा येतो आणि रस्त्यालाही जास्त घासतो. छताला कॅरिअर असेल तर तो आजच उतरवा.

उचलीचं बघा. ईव्हीला सहसा एकच गिअर. चाक मोठं झालं की मोटरचा जोर तोच राहतो, पण रस्त्यावर पोचणारी ओढ सहा टक्के कमी होते. पेट्रोलला निदान खालचा गिअर टाकता येतो, इथं तोही नाही. शिवाय फिरणारं वजन रिमच्या कडेला गेलं की ते पळवायलाही जड आणि थांबवायलाही. दुकानदार 'दिसायला नाद खुळा' म्हणून विकतो. एका रिमचं वजन किती, विचारा, सांगता येत नाही. सर्व्हिस सेंटरवाले तर लॅपटॉप जोडतात, जॉबकार्डवर 'बॅटरी ओके' लिहितात आणि मोकळे होतात. टायरवरचा आकडा वाचायला वाकावं लागतं ना!

खात्री करायची असेल तर फोनचं जीपीएस लावून कोल्हापूरहून कागलच्या दिशेनं सरळ पट्ट्यात एका वेगानं चालवा, फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. कंपनीच्या टायरवर मीटर सहसा जीपीएसपेक्षा थोडा जास्तच दाखवतो. तुमचं उलटं निघालं की विषय संपला. तरीही परत येऊन चारही चाकांजवळ हात न्या; एकच जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय, ते दुखणं वेगळं.

आता माझं मत, पटलं तर घ्या. मजा मोटरच्या ताकदीत नाही, हलकेपणात आहे. दोन टनांची ईव्ही सरळ रस्त्यावर सुसाट सुटते, पण गगनबावड्याच्या वळणावर तेच वजन पुढच्या टायरवर येतं आणि गाडी नाक बाहेर काढते. हलक्या गाडीत ब्रेक उशिरा मारला तरी चालतो, दिशाही चटकन बदलते. वजन कमी म्हणून बॅटरी छोटी पुरते, बॅटरी छोटी म्हणून वजन आणखी कमी. २०१३ च्या बीएमडब्ल्यू आय३ ला कार्बन फायबरची केबिन होती, वजन साधारण १,२०० किलो आणि पुढचे टायर १५५/७० आर१९: उंच पण सडपातळ. पण त्या गाडीचं गिअरिंगच त्या चाकाच्या हिशेबानं केलेलं. आपण नुसतं चाक बदलतो आणि हिशेब तसाच ठेवतो.

जुनी चाकं घरात असतील तर तीच परत चढवा, अलाइनमेंट करून घ्या, गार टायरमध्ये दाराच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा. जुनी विकली असतील तर निदान मूळ व्यासाच्या जवळचा, कमी रोलिंग रेझिस्टन्सचा (रस्त्यावर सहज घरंगळणारा) टायर आणि वजन करून घेतलेली १४ इंची रिम बघा. मग एकदा पन्हाळ्याला जाऊन या, फरक पहिल्या वळणात कळेल. फक्त वर मुक्काम करून १०० टक्के चार्ज मारून उतरू नका. भरलेली बॅटरी रिजन (वेग कमी करताना मोटर परत पाठवते ती वीज) जवळजवळ घेत नाही, आणि उताराचा भार ब्रेक पॅडवर येतो.