प्रवाळ खाणाऱ्या तारामाशांचे तुकडे का करत नाहीत?

नाशिकच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय, की ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफवर, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांच्या लांबलचक रांगेवर, काटेरी तारामासे वाढले की पाणबुडे त्यांना सरळ कापून का टाकत नाहीत.

कारण तुकड्यातून तो पुन्हा वाढू शकतो. म्हणून सुई टोचतात. पूर्वी एकाच तारामाशाला अनेक ठिकाणी रसायन टोचावं लागे. जेम्स कुक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की बैलाच्या पित्तातल्या क्षारांचं एकच इंजेक्शन पुरतं. साधं व्हिनेगरही चालतं!

पण खरं काम त्याआधीचं, मोजणीचं. बोटीमागे दोरीने ओढला जाणारा निरीक्षक दर दोन मिनिटांनी थांबून तारामासे आणि खाल्लेल्या प्रवाळाचे पांढरे चट्टे नोंदवतो. आपल्याकडे द्राक्षबागेत फवारणीआधी कीड किती आहे ते बघतात, तसंच हे. थोडे तारामासे असणं नैसर्गिकच आहे, सगळे मारायचे नसतात. मात्र एक मोठा तारामासा वर्षाला सुमारे १० चौरस मीटर प्रवाळ फस्त करतो आणि मादी कोट्यवधी अंडी घालते, त्यामुळे विणीच्या हंगामाआधी गाठलेलं बरं.

नुसत्या सुईवर भिस्त ठेवू नये, असं मला ठामपणे वाटतं. शेतातली खतं नद्यांवाटे समुद्रात गेली की सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि त्यांवर तारामाशांच्या अळ्या पोसतात, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. शिवाय मासेमारीला बंदी असलेल्या भागांत उद्रेक कमी आढळलेत.