नांदेडसारख्या विमानतळावरून उडणाऱ्या पंख्यांच्या विमानाचे एक इंजिन हवेत बंद पडले, तर विमान कोसळते का?

नाही, एटीआर-७२ सारखे दोन इंजिनांचे टर्बोप्रॉप विमान (२०१७ मध्ये केंद्र सरकारच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेतील नांदेड–हैदराबाद सेवा याच विमानाने सुरू झाली होती) उरलेल्या एका इंजिनावर उडत राहू शकते आणि जवळच्या योग्य विमानतळावर सुरक्षित उतरू शकते. या वर्गातील विमानांना प्रवासी वाहतुकीची मान्यता देतानाच अशी अट असते की, धावपट्टीवर निर्णयाचा ठरावीक वेग ओलांडल्यानंतर एक इंजिन निकामी झाले, तरी दुसऱ्याच्या बळावर उड्डाण पूर्ण करता आले पाहिजे. खरा धोका बंद इंजिनापेक्षा त्याच्या पंख्याचा असतो, कारण पाती हवेला आडवी राहिली तर ती ब्रेकसारखी ओढ निर्माण करून विमानाचे नाक एका बाजूला खेचतात. म्हणून ती पाती वाऱ्याच्या दिशेला समांतर वळवली जातात. यालाच फेदरिंग म्हणतात, आणि एटीआरमध्ये धावपट्टीवरून उड्डाण घेताना ही क्रिया आपोआप होते. पंखा दिसतो म्हणून विमान जुनाट असल्याचा समज मात्र मनातून काढून टाकावा, कारण त्या सहा पात्यांमागे जेट विमानाप्रमाणेच गॅस टर्बाइन फिरत असते. एक मर्यादा लक्षात ठेवावी: एका इंजिनावर विमानाची वर चढण्याची क्षमता बरीच घटते, आणि मराठवाड्यातील मे महिन्याच्या ४० अंशांवरील उन्हात विरळ झालेल्या हवेमुळे ती आणखी कमी होते, त्यामुळे अशा दिवशी तापमान व धावपट्टीची लांबी पाहून, गरज पडल्यास, विमानातील वजन आधीच कमी केले जाते.