द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल यीस्टला चांगलं की वाईट?

प्रश्न : सर, आमची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, मी नाशिकला बीएस्सी करतेय. वाचलं की द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉल या रसायनामुळे यीस्ट जास्त जगतं. पण आमच्या मॅडम म्हणतात ते पेशीत एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा रेणू) बनणंच अडवतं. मग वाइन कशी होते?

उत्तर : मॅडम बरोबर बोलल्या. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, एटीपी सिंथेज नावाचं एटीपी बनवणारं फिरणारं मशीन असतं, रेस्व्हेराट्रॉल त्यात पाचरीसारखं अडकतं. नेमकं कुठे अडकतं ते 2007 मध्ये गाईच्या एन्झाइमवर दिसलंय.

पण यीस्ट काय खातंय ते आधी बघ. द्राक्षाच्या रसात साखर भरपूर, आणि साखर भरपूर असली की यीस्ट ऑक्सिजन असतानाही ती आंबवतंच, एका ग्लुकोजमागे फक्त 2 एटीपी मिळतात पण झपाझप मिळतात, आणि अल्कोहोल बनवताना एनएडी (साखर फोडायला लागणारा मदतनीस रेणू) मोकळं होतं म्हणून साखर फोडायचं काम थांबत नाही. यात मायटोकॉन्ड्रियाची गरज जवळपास नाहीच. त्यात वाइनमध्ये रेस्व्हेराट्रॉल लिटरमागे थोडेच मिलिग्रॅम, म्हणून वाइन होते.

खरी अडचण साखर संपल्यावर. तेव्हा यीस्ट आपणच बनवलेलं अल्कोहोल ऑक्सिजन घेऊन जाळतं, मग मायटोकॉन्ड्रियाशिवाय दुसरी चूल नाही, आणि तिथे हे मशीन अडलं तर त्रास होणारच.

जास्त जगण्याचं म्हणशील तर 2003 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं होतं की यीस्टचं आयुष्य 70 टक्क्यांपर्यंत वाढलं, श्रेय सर2 या एन्झाइमला, ज्याला एनएडी लागतं. मलाही तेव्हा फार आनंद झाला होता. पण 2005 मध्ये दुसऱ्या टीमने यीस्टच्या वेगवेगळ्या जातींवर करून बघितलं तर आयुष्य वाढलंच नाही, आणि टेस्टमध्ये जोडलेल्या चमकणाऱ्या रंगामुळे एन्झाइम जोरात चालल्यासारखं दिसत होतं हेही कळलं. त्यामुळे ती 70 टक्क्यांची गोष्ट मी तरी आता कुणाला सांगत नाही.

तू कॉलेजात हे नक्की करून बघ. एका फ्लास्कमध्ये ग्लुकोज, दुसऱ्यात ग्लिसरॉल, आणि दोन्हींचा एकेक फ्लास्क रेस्व्हेराट्रॉल टाकून, एकेक न टाकता. ग्लिसरॉल कशाला, कारण ग्लिसरॉल यीस्टला आंबवता येत नाही, श्वसनच करावं लागतं. रेस्व्हेराट्रॉल पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून मुलं अल्कोहोलमध्ये विरघळवतात, तसं करू नको, अल्कोहोल हे यीस्टचं खाणंच आहे, रिझल्ट बिघडेल. डीएमएसओ हे द्रावक वापर, आणि तेवढंच डीएमएसओ रेस्व्हेराट्रॉल नसलेल्या फ्लास्कमध्येही टाक. उजेडात रेस्व्हेराट्रॉलचं रूप बदलतं, सगळ्या फ्लास्कना फॉइल गुंडाळ.