लुक्रेत्सिया बोर्जिया: आधी ती अंगठी काढून ठेवा

लुक्रेत्सिया म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतली, बोर्जिया घराण्यातली पोपची मुलगी. तिच्याबद्दल वाचकांची या खेपेलाही निम्मी पत्रं विषाच्या अंगठीचीच. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : लुक्रेत्सिया अंगठीतून विष द्यायची का? 'अस्सल बोर्जिया' अंगठी ऑनलाइन दिसली, घेऊ का?

नाही आणि नको. तिने कुणाला विष दिल्याचा पुरावा नाही. १८३३ मध्ये फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोचं तिच्यावरचं नाटक आलं, त्याच वर्षी इटालियन संगीतकार दोनिझेत्तीचा ऑपेरा. विषकन्येची प्रतिमा तिथून घट्ट झाली. विक्रेते अजून त्यावरच धंदा करतात. अंगठी आवडलीच तर खोट्या दागिन्याच्या भावात घ्या. 'पुरातन' म्हणून दाम मागत असेल तर आधी जाणकाराला दाखवा.

प्रश्न : तिचे केस मिलानला आहेत म्हणे?

तिची म्हणून जपलेली सोनेरी बट आंब्रोझियाना ग्रंथालयाकडे आहे. जाण्याआधी ती पाहायला मिळेल का, ते विचारून घ्या.

प्रश्न : बापाशी, भावाशी तिचे संबंध होते असं एका व्हिडिओत ऐकलं. आगीशिवाय धूर निघतो का?

निघतो की! फुंकणारा कोण, ते बघा. १४९३ मध्ये, तेराव्या वर्षी, तिला इटलीतल्याच पेझारो शहराचा सत्ताधीश जोवान्नी स्फोर्झा याला दिली. बाप पोप सहावा अलेक्झांडर. चार वर्षांत राजकारण फिरलं आणि जावई नकोसा झाला. लग्न रद्द करायला त्याने स्वतःला नपुंसक म्हणवून घ्यायचं होतं. आणि त्याची पहिली बायको तर बाळंतपणात गेलेली! चिडून तो मिलानमध्ये बोलून गेला, की पोपला मुलगी स्वतःसाठीच हवी आहे. पुढे निमूट सही केली, पण ते वाक्य बोर्जियांच्या शत्रूंनी झेललं. पाचशे वर्षं आपण तेच चघळतोय.

दुसरा नवरा १५०० मध्ये रोममध्ये मारला गेला. १५०२ मध्ये ती इटलीतल्या फेर्राराला आली, तिथल्या राजघराण्यातल्या आल्फोन्सो देस्तेची बायको म्हणून. तो लढाईवर गेला की कारभार तिच्याकडे. रयतेचे अर्ज ती बघायची. पडीक दलदल ताब्यात घेऊन तिने चर खणवले, पाणी काढलं, हजारो हेक्टर जमीन वहिवाटीला आणली. व्हिडिओत हे असतं का? चर खणण्याला कोण लाइक देणार!

प्रश्न : तिच्यावर एमएचा प्रबंध लिहितेय, पुढच्या महिन्यात द्यायचाय. मूळ कागद कुठे मिळतील?

देस्ते घराण्याचं दफ्तर मोदेनाच्या सरकारी अभिलेखागारात आहे. पण पुढच्या महिन्यात? बाई, ते सोळाव्या शतकातलं हस्ताक्षर आहे. मोडी आठवड्यात येते का? आजच मार्गदर्शकांना भेटा, विषय आवळा, छापील पत्रांवर भागवा.

प्रश्न : तिचा मृत्यू विषानेच झाला ना?

नाही. बाळंतपणानंतरच्या तापाने, २४ जून १५१९ रोजी. वय ३९. फेर्राराच्या कॉर्पुस दोमिनी मठात तिची कबर आहे. तिथे जोगिणी राहतात, तेव्हा वेळ विचारूनच जा.