‘मन चिंती ते वैरी न चिंती’ : वैरी आपली चिंता कशाला करील?

प्रश्न असा आहे : ‘मुलाला घरी यायला उशीर झाला की माझ्या जिवाची घालमेल होते. तेव्हा सासूबाई म्हणतात, मन चिंती ते वैरी न चिंती. चिंती म्हणजे चिंता करते, असंच ना? मग वैरी माझी चिंता करत नाही, यात सांगण्यासारखं काय? आणि वैरी न चिंती म्हणायचं की वैरीही न चिंती?’

शंका अगदी रास्त आहे. आज आपल्या कानाला ‘चिंता’ म्हणजे फक्त काळजी ऐकू येते, त्यामुळे म्हणीचा अर्थच लागत नाही. पण इथलं क्रियापद ‘चिंता करणे’ नसून ‘चिंतणे’ आहे.

मूळ संस्कृत धातू चिन्त्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, दहाव्या गणाच्या (गटाच्या) सुरुवातीलाच, चोरणे या अर्थाच्या ‘चुर्’च्या पाठोपाठ तो येतो आणि त्याचा अर्थ दिला आहे स्मरण. आठवणं, मनात आणणं, एवढंच. त्यात भीती नाही. म्हणून तर चिंतन शांत असतं आणि चिंतामणी म्हणजे मनात आणावं ते देणारा मणी. मराठीत ‘चिंतणे’ला पुढे आणखी एक छटा आली : कुणासाठी तरी काहीतरी इच्छिणं. भलं चिंतणं, वाईट चिंतणं, हितचिंतक, अभीष्टचिंतन ही सगळी त्यातलीच. म्हणीतला वैरी चिंततो ते या अर्थाने. तो आपलं वाईट चिंततो.

(चिंता आणि चिता यांत एका टिंबाचा फरक, हे सुभाषित सगळ्यांना आवडतं. पण शब्द म्हणून त्यांचं नातं नाही. चिता ‘चि’ म्हणजे रचणे या धातूची, रचलेली म्हणून चिता.)

‘चिंती’ हे रूप जुन्या वर्तमानकाळाचं. ज्ञानेश्वरीत ‘करी’ म्हणजे करतो. पुढे हेच रूप भूतकाळातली सवय सांगू लागलं : ‘तो रोज देवळात जाई’. शाळेत आपण त्याला रीतिभूतकाळ म्हणतो. म्हणींमध्ये मात्र जुना वर्तमान तसाच राहिला. ‘देव तारी त्याला कोण मारी’, ‘दाम करी काम’ आणि ही आपली म्हण. तेव्हा अर्थ असा : आपलं मन जे जे चिंततं, ते वैरीसुद्धा आपल्यासाठी चिंतणार नाही.

आजच्या मराठीत हे नीट मांडायला गेलं तर दोन क्रियापदं लागतात. मन ‘कल्पना करतं’, वैरी ‘इच्छितो’. म्हणीने दोघांना एकच क्रियापद दिलं आणि मला वाटतं तिचं सगळं बळ त्यातच आहे. मुलाला अपघात व्हावा अशी तुमची इच्छा अर्थातच नसते. पण घड्याळाकडे पाहत तुम्ही तो अपघात रस्त्यासकट, रक्तासकट डोळ्यांपुढे उभा करता, तेव्हा छातीत जे होतं ते खरंच होतं. वैऱ्याला एवढं बारकाईने वाईट चिंतायला सवडही नसते.

माझे वडील महाडला नोकरीला होते. शनिवारी संध्याकाळच्या एस्टीने वरंध घाटातून भोरला घरी येत. पावसाळ्यात गाडीला उशीर झाला की आई दारात उभी राही. दरड, धुकं, दरी, सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसे. आजी चुलीपाशी बसून ही म्हण म्हणे. तिच्या आवाजात दटावणी नसे. ‘तू नसतं काही चिंततेस’ असं ती कधीच म्हणाली नाही. ‘मन चिंती’ म्हणायची. तेव्हा लक्षात आलं नाही, पण या वाक्यात कर्ता ‘मी’ नाही, ‘मन’ आहे. मराठीत मन नेहमीच असं वेगळं उभं राहतं : मन म्हणतं, मन खातं, मन घेत नाही, मनात आलं. मनात आलेलं सगळं म्हणजे मी नव्हे, हे आजीला कुणी शिकवलं नव्हतं. भाषेनेच तिच्या तोंडी दिलं होतं.

न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास जी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मांडली, तिचाही पाया हाच : प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दलचा आपला विचार माणसाला जास्त अस्वस्थ करतो. तिथे तो विचार समोर ठेवून तपासायला शिकवतात. म्हण तपासत नाही. तो विचार कुणाचा आहे, तेवढं सांगते.

एका चुकीच्या वापराबद्दल मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं. हल्ली एखादा आजारी पडला की ‘तूच असं चिंतलंस म्हणून झालं’ या अर्थाने ही म्हण ऐकू येते. म्हणीत तसं काहीही नाही. चिंतल्याने घडत असतं तर वैऱ्यांनी कधीच गावं ओस पाडली असती. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही, हेही याच भाषेने सांगितलं आहे. ज्याचं मन महिनोन्महिने अंधारात आहे, त्याला तर ही म्हण ऐकवूच नये. त्याला डॉक्टरकडे घेऊन जावं. ही म्हण घटकाभराच्या धास्तीसाठी आहे, दारात उभ्या असलेल्या माणसासाठी.

आता ‘ही’बद्दल. दोन्ही रूपं ऐकू येतात आणि अर्थाला दोन्ही चालतात. मी ‘वैरी न चिंती’च म्हणतो. ‘सुद्धा’चा भाव त्यात आहेच, आणि ‘ही’ घातला की दोन ‘चिंतीं’मधला ठेका मोडतो. आजी म्हणायची तेव्हा तो ठेका पोळपाटावर भाकरी थापताना पडावा तसा पडायचा.