उत्तर: एकरी पाच टन पाचट? आधी वाळवून मोजा

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि चार वर्षांपूर्वीचा मीच समोर दिसलो. पलूसकडं तुमचा दोन एकर आडसाली ऊस तुटलाय, रानात पडलेल्या वाळल्या पाल्याच्या, म्हणजे पाचटाच्या, यंत्रानं गाठी बांधून नेणारा बेलरवाला बांधावर उभा राहून "एकरी पाच टन पाचट आहे, सगळं नेतो, आगाऊ पैशांची उचल आत्ताच घ्या" म्हणतोय, आणि द्यावं की खोडव्यात, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसात, ठेवावं हे तुम्ही विचारताय. पेटवायचं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात जात नाही. आकड्यावर बोलतो, कारण मी बुडालो तो आकड्यातच.

कराडच्या खाली कृष्णाकाठी आमचं तीन एकर रान. जानेवारीत ऊसतोडीची टोळी उठली, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी १० बाय १० फुटांचा चौकोन आखला, पाचट ताडपत्रीत बांधून ताणकाट्याला अडकवलं. १३ किलो. एकरात असे ४३५ चौकोन बसतात, म्हणजे साडेपाच टनांच्या वर. तीन एकरांचे सतरा टन होतात, आपण पंधराच बोलू म्हणून सौदा केला आणि उचलही घेतली. गुणाकार चोख होता. मोजणी गाढवाची होती.

पाचटावर दव होतं. त्यात हिरवे वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, मिसळलेले, ज्यांत निम्म्याहून जास्त पाणीच असतं, आणि ते तर दुपारपर्यंत तोडकऱ्यांनी बैलांसाठी नेलेसुद्धा. वर जागा निवडली ती फडाच्या तोंडाशी, जिथं ऊस सोलून पाल्याचा थर पडला होता. वाळल्यावर एकरी साडेतीन टनसुद्धा भरेना. बेलरवाल्याला पंधरा टन हवेत, उचल माझ्या खिशात. त्यानं पाला गोळा करायचं दातेरी अवजार, रेक, दुसऱ्यांदा फिरवलं. माती, ढेकळं, बुडख्यांवरचे कोवळे फुटवे, सगळं गाठीत गेलं. तरी टनेज भरलं नाहीच, राहिलेली उचल परत द्यावी लागली ती वेगळी.

खरा फटका पुढं बसला. रान उघडं पडलं. एप्रिलमध्ये मला आठव्या दिवशी पाणी द्यावं लागायचं, शेजारच्या पाचट ठेवलेल्या खोडव्याला पंधरा दिवस धकायचं. भांगलणीला जी मजुरी गेली त्यात गाठींचे पैसे संपले. खोडवा एकरी २८ टनांवर थांबला. हा माझ्या एका रानाचा हिशेब आहे, तुमची जमीन वेगळी असेल.

एका कार्यालयात विचारायला गेलो होतो, की पाचट मोजायचं कसं. तीन टेबलं फिरल्यावर एक घडीपत्रक मिळालं: हेक्टरी ८ ते १० टन. आकडा चुकीचा नाही हो, हेक्टरी शंभर टनांच्या आसपासच्या उसाला तो जुळतो. पण माझ्या रानात किती, हे त्या कागदात कुठून येणार? वर साहेब म्हणाले, "अंदाजे धरा." अंदाजानंच तर मेलो होतो!

तर तोडणीनंतर तीन दिवस जाऊ द्या. दुपारी मोजा, रानात पाच वेगवेगळ्या जागी, बांधालगतची सोडून. वाढे बाजूला काढा. पाचटातलं एक किलो घरी नेऊन पत्र्यावर दोन-तीन दिवस वाळवा. ८०० ग्रॅम राहिलं तर पाची चौकोनांच्या सरासरीला ०.८ नं गुणा, मग ४३५ नं. एवढंच.

माझं मत विचाराल तर, शास्त्र म्हणून नव्हे, खोडवा ठेवणार असाल तर एक गाठही विकू नका. ऊस मोडून दुसरं पीक घेणार असाल तर निम्मं विका, तेही वाळलेल्या वजनावर. भाव ठरवताना हे धरा: पाचटात नत्र (नायट्रोजन) साधारण अर्धा टक्का आणि पालाश (पोटॅश) पाऊण ते एक टक्का. साडेतीन टनांत २५ ते ३५ किलो पालाश तुम्ही गाडीत भरून देता. बेलरवाला त्याचे पैसे देत नाही.

ठेवलंत तर कुजवायला हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू, एकरी त्याचे चाळीस टक्के. पाचटात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र कमी, म्हणून जिवाणू जमिनीतलं नत्र खातात आणि फुटवा पिवळा दिसतो. युरिया वाचवू नका. पण ही मात्रा ८-१० टनांसाठी आहे, फुगवलेल्या आकड्यावर पोती आणाल तर तिथंही पैसे जातील.

अजून एक, विषय निराळा आहे तरी सांगतो. बांधालगतच्या दोन सऱ्यांतलं पाचट आत ओढून घ्या. शेजारी बांध पेटवतो, वारा सुटतो, आणि "माझा काय दोष" म्हणतो. आमच्याकडं दोनदा झालंय.

मोजलं की ओलं किती, वाळलेलं किती, वाढे किती, तिन्ही वजनं इथं टाका, हिशेब करून देतो. तोवर उचल घेऊ नका.