शेरवानीच्या आत कॉम्प्रेशन बनियन (पोट-छाती दाबून सपाट दाखवणारं घट्ट बनियन) किती टाइट घ्यावं?

प्रश्न: पुढच्या महिन्यात लग्न आहे, शेरवानीत पोट दिसतं. फर्म (जास्त दाबाचं) घेऊ की मीडियम? एक साइझ लहान चालेल का?

उत्तर: साइझ लहान अजिबात नको, छाती आणि कंबर टेपने मोजून कंपनीच्या चार्टप्रमाणेच घ्या, कारण लहान घेतलं की ते वर गुंडाळतं आणि पोटावर वळी उलट जास्त दिसते. तुम्हाला मीडियम पुरे, फर्म घालून विधींना तासन्‌तास मांडी घालून बसणं अवघड जातं, वर जेवण झालं की पोट दाबून छातीत जळजळतं, ॲसिडिटी असेल तर नकोच. घालून खाली बसा, खोल श्वास घ्या, अडकला किंवा मुंग्या आल्या तर एक लेव्हल खाली या. रोजच्या ऑफिसला लाइट (कमी दाबाचं) बस झालं. चरबी मात्र याने कमी होत नाही, आणि रात्री काढूनच झोपा.